बोनमॅरोतून रक्तवाहिनी: बातमी छापण्याआधी एवढं जरूर विचारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बोनमॅरोमधल्या स्टेम सेलपासून, म्हणजे इतर पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींपासून, पायात नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, हा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख आमच्या चाळीत हातोहात फिरला. कात्रण घेऊन तिघंचौघं माझ्या दारात आले. परळच्या एका महापालिका रुग्णालयाच्या रक्तविकार प्रयोगशाळेत मी निवृत्त होईपर्यंत तंत्रज्ञ होते आणि बोनमॅरो मायक्रोस्कोपखाली पाहण्यासाठी काचेवर पसरणं, म्हणजे त्याच्या काचा करणं, हे माझं रोजचं काम होतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. लेखात म्हटलं होतं की कमरेच्या हाडातून मॅरो काढायचा, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करून पायात टोचायच्या, मग त्या रक्तवाहिनीचं अस्तर बनतात आणि काळा पडत चाललेला पाय वाचतो. यातला पहिला भाग प्रयोगशाळेत घडतो, शेवटचा भाग माणसाच्या पायात घडायला हवा, आणि मधल्या अंतराबद्दल लेखात एक ओळ नाही. त्याच अंतरात लोकांचे दागिने गहाण पडताहेत. म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण मधली माहिती राहू द्या ही विनंती.

आधी अस्तराविषयी. महाधमनीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. जाडी बऱ्याच ठिकाणी एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. रक्त वाहतं ठेवणं, वाहिनी सैल सोडणं किंवा आवळणं, पांढऱ्या पेशींनी कुठून बाहेर पडायचं ते ठरवणं ही सगळी कामं या एवढ्याशा थराची. वाहिनी सैल करण्यासाठी तो नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतो. हे उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. मधुमेह, तंबाखू आणि रक्तदाब पहिला घाव घालतात तो याच थरावर. कृत्रिम नळी बसवून बायपास करायचा तर नळी सहा मिलिमीटरपेक्षा बारीक असली की तुंबते, कारण तिला आतून हे जिवंत अस्तर नसतं. असं अस्तर बाहेर तयार करता आलं तर किती पाय आणि किती हृदयं वाचतील, या ओढीने जगभरातली माणसं या कामाला लागली आहेत. ती ओढ खरी आहे आणि मला तिचा आदर आहे.

मग बोनमॅरोच का? हाडातला हा लाल मगज आपलं रक्त आयुष्यभर बनवत राहतो. गर्भात रक्ताच्या पेशी आणि अस्तराच्या पेशी एकाच जागी, एकमेकींना खेटून जन्माला येतात. तेव्हा मोठ्या माणसाच्या मॅरोतही दोन्ही घडवणारी एखादी पेशी उरली असेल, असं शास्त्रज्ञांना वाटणं साहजिक होतं. १९९७ साली बोस्टनमध्ये ताकायुकी आसाहारा आणि जेफ्री इस्नर यांच्या गटाने माणसाच्या रक्तातून अंगावर सीडी३४ नावाच्या प्रथिनाची खूण असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. त्या बशीत अस्तराच्या पेशींसारख्या वागू लागल्या आणि पायाचा रक्तपुरवठा तोडलेल्या प्राण्यांना टोचल्यावर नव्या केशवाहिन्यांत सापडल्या. तोवर नवी वाहिनी फक्त जुन्या वाहिनीला फुटवा येऊनच तयार होते असं शिकवलं जाई. पुढच्याच वर्षी कुत्र्यांवरचा प्रयोग आला. आधी त्यांचा मॅरो बदलला, मग महाधमनीत डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची नळी बसवली, तर त्या नळीच्या आत दात्याच्या मॅरोतून आलेलं अस्तर धरलेलं दिसलं. आमच्या विभागात त्या दिवसांत डॉक्टरमंडळी चहाच्या वेळीही याच गप्पा मारायची. देशातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये आमच्याच परळमध्ये, टाटा हॉस्पिटलात, डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं होतं. त्यामुळे मॅरोबद्दल काहीही नवं आलं की इथे कान टवकारले जात.

आता काम कसं चालतं ते सांगते, कारण पाया तिथे आहे. रुग्णाला कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडापाशी भूल दिली जाते आणि जाड सुई फिरवत फिरवत हाडात शिरवली जाते. इथवर रुग्ण सोसतो. पण सिरिंजचा दट्ट्या ओढताना आतून जी कळ जाते तिला वरची भूल पोहोचत नाही. भलेभले "आई गं" म्हणतात. मी काचा हातात घेऊन बाजूलाच उभी असायचे, कारण मॅरो बघता बघता गोठतो. वॉचग्लासमध्ये ओतला की लाल रक्तात चकाकणारे, किंचित तेलकट, बारीक कण दिसतात. तेच खरं मॅरो. ते उचलून काचेवर ओढायचे. कण नसले तर नुसतं रक्त आलं असं समजायचं आणि रुग्णाला पुन्हा टोचावं लागायचं. "पार्टिकल आहेत ना बाई?" हा आमच्या सरांचा पहिला प्रश्न असायचा.

स्टेम सेलचं काम करणारे संशोधक विद्यार्थी हाच मॅरो रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत घ्यायचे, फिकॉल नावाच्या द्रावावर अलगद सोडायचे आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. तळाला लाल पेशी बसतात, वर पिवळट प्लाझ्मा राहतो आणि मधे एक पांढुरकं कडं तरंगतं. पिपेटने ते कडं उचलताना हात जरा हलला की सगळं ढवळलं जातं. या कड्यात काय असतं ते आपल्या लेखात यायला हवं होतं. त्यात बहुतांश साध्या पांढऱ्या पेशी आणि त्यांची पोरं असतात. सीडी३४ ची खूण मिरवणाऱ्या पेशी शंभरात एक ते तीन. हाड, चरबी आणि कूर्चा घडवणाऱ्या मेसेन्कायमल स्टेम सेल तर दहा हजारांत एक, कधी लाखात एक. म्हणजे मॅरो तासाभरात फिरवून लगेच टोचला जातो तेव्हा पायात मुख्यतः कोण जातं, हे वाचकांनीच ठरवावं.

अस्तर घडवायचं तर यापुढे आठवडे जातात. बशीच्या तळाला फायब्रोनेक्टिन या चिकट प्रथिनाचा पातळ थर द्यायचा, ३७ अंश उष्णतेच्या आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत पेशी ठेवायच्या, आणि पोषकद्रवात व्हीईजीएफ घालायचं. १९८९ साली नेपोलिओन फेरारा यांच्या गटाने वेगळं केलेलं हे प्रथिन म्हणजे अस्तराच्या पेशींना वाढीचा निरोप. काही दिवसांत पेशी तळाला चिकटून लांबट होतात. मग त्या मऊ जेलवर सोडून रात्रभर ठेवतात. आमच्या एका विद्यार्थिनीने मला एकदा सकाळी मुद्दाम मायक्रोस्कोपपाशी बोलावून घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी सुट्या विखुरलेल्या पेशींनी रात्रीत एकमेकींना टोकं जोडून बारीक नळ्यांचं जाळं विणलं होतं. इतकी वर्षं काचेवर रंगवलेल्या, मेलेल्या पेशीच पाहिल्या होत्या. जिवंत पेशी असं काही करताना पाहून मी बराच वेळ तिथून हलले नाही. ते दृश्य खरं होतं, त्यात कुणाची फसवणूक नव्हती.

पण त्या मुलीनेच तेव्हा मला बजावलं, की जेलवर जाळं विणणं एवढ्याने पेशी अस्तराची ठरत नाही. पुढे तेच सिद्ध होत गेलं. २००७ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या मर्विन योडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक-एक पेशी सुटी वाढवून पाहिली. पहिल्या आठवड्यात उगवणाऱ्या ज्या पेशींना सगळे अस्तराची पूर्वज म्हणत होते त्या प्रत्यक्षात रक्ताच्याच वंशाच्या निघाल्या. अस्तराच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या, पण स्वतः वाहिनी न बनणाऱ्या. रक्तात लाल पेशी बेसुमार वाढवणाऱ्या आजाराच्या रुग्णांत मॅरोतला जनुकीय बिघाड याच पेशींत सापडला. दोन-तीन आठवड्यांनी उशिरा उगवणाऱ्या, कडेला कड लावून दाटीने वाढणाऱ्या आणि प्राण्याच्या शरीरात खरोखर रक्त वाहणारी वाहिनी बनवणाऱ्या पेशींत तो बिघाड नव्हता. त्या मॅरोतून आलेल्या आहेत की नाहीत यावरही वाद झाला. २००० साली मिनेसोटातल्या अभ्यासात, मॅरो बदललेल्या रुग्णांच्या रक्तातून महिनाभर वाढवलेल्या अशा पेशी बहुतांश दात्याच्या निघाल्या होत्या. २०१३ च्या अभ्यासात मात्र तशाच रुग्णांमध्ये त्या रुग्णाच्या स्वतःच्या निघाल्या, दात्याच्या मॅरोतून आलेल्या नव्हत्या. शास्त्र असंच पुढे जातं. पण ज्या गोष्टीवर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही ती पत्रकात छापून पैसे घेणं मला मान्य नाही.

यापुढची दोन प्रकरणं लिहिताना वाईट वाटतं, पण ती लपवूही नयेत. प्रौढ माणसाच्या मॅरोतली एक पेशी वाटेल त्या पेशीत बदलू शकते, असं सांगणारा २००२ चा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मॅरोच्या पेशींनी हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा घडतो असं सांगणारे पिएरो अनव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेतले ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्ड आणि त्याच्या रुग्णालयाने केली. त्या निबंधांच्या भरवशावर जगभर किती रुग्णांच्या हाडांत सुया गेल्या असतील!

मग टोचलेल्या पेशींचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण लेखात सांगितला तसा नाही. जपानमध्ये तोशिहारू शिनोका यांनी हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या मुलांना विरघळणाऱ्या नळ्या बसवल्या होत्या, त्यात मुलांच्याच मॅरोच्या पेशी पेरलेल्या असत. नळी विरघळली आणि मागे खरी रक्तवाहिनी उरली. सगळ्यांना वाटलं, पेरलेल्या पेशींचंच अस्तर झालं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या गटाने उंदरांत माग काढला, तर पेरलेल्या पेशी थोड्याच दिवसांत नाहीशा झालेल्या दिसल्या. जाण्याआधी त्यांनी रासायनिक निरोप सोडून शरीरातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतलं होतं, आणि वाहिनी उभारली ती शरीराने स्वतःच्या पेशींनी. नाक्यावरून माणसं गोळा करून कामावर लावायची आणि आपण निघून जायचं, हे मुकादमाचं काम मॅरोच्या पेशी करतात. हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पण मुकादम माणसं बोलवायला गेला आणि नाका रिकामाच असला तर? सत्तरीच्या, मधुमेही, आयुष्यभर बिडी ओढलेल्या माणसाच्या शरीरात बोलावल्यावर येणाऱ्या पेशी मुळात थोड्या आणि थकलेल्या असतात. त्याच्या स्वतःच्या मॅरोचंही तेच.

माणसांवरच्या चाचण्यांतही हेच दिसतं. २००२ मध्ये जपानी डॉक्टरांनी सुमारे अर्धा लिटर मॅरो काढून त्यातल्या पेशी रुग्णांच्या पोटरीत टोचल्या आणि रक्तपुरवठा सुधारल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आशा तिथून पसरली. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या १६० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना मॅरोच्या पेशी दिल्या, निम्म्यांना दिसायला तसंच पण पेशी नसलेलं औषध, आणि कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक होतं ना डॉक्टरांना. सहा महिन्यांत पेशी मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांचे पाय कापावे लागले, न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांचे. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे नक्की. आणि पेशी न मिळालेल्या रुग्णांनाही बरं वाटलं होतं! म्हणूनच "आमच्या रुग्णाला बरं वाटलं" हे वाक्य पुरावा म्हणून छापू नये.

आमच्या चाळीतल्या शेजारच्या काकांचं सांगते. गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर मिळेल ते काम केलं, बिडी मात्र सुटली नाही आणि पुढे साखर लागली. चिंचपोकळीचा पूल चढताना त्यांची पोटरी आखडायची, थांबलं की मोकळी व्हायची. वय झालं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. गेल्या पावसाळ्यात अंगठा काळा पडला. रात्री आडवं झालं की पायात आग, म्हणून काका खाटेवरून पाय खाली लोंबता सोडून बसूनच झोपायचे. खाली सोडल्यावर वजनाने थोडं रक्त उतरतं, तेवढाच आराम. हे लक्षण रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाला कळायला हवं. पाय लोंबवल्यावर बरं वाटतं याचा अर्थ पायाला रक्त पुरत नाही आणि आता एक दिवसही थांबायचं नाही.

त्यांचा मुलगा उपनगरातल्या एका खाजगी केंद्राचं पत्रक घेऊन आला. "मावशी, मॅरोतून नवीन नसा बनवतात. बायकोच्या पाटल्या आहेत, देऊ का?" पत्रकात रकमेचा आकडा ठळक होता, संमतीपत्र इंग्रजीत, आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक किंवा एथिक्स कमिटीचं नाव कुठेच नव्हतं. मी फोन करून विचारलं, पेशी मोजता का, सीडी३४ किती आल्या ते लिहून देता का? "मॅडम, मशीन ऑटोमॅटिक आहे" एवढंच उत्तर मिळालं. त्याला म्हटलं, पाटल्या घरी ठेव आणि बाबांना आजच सरकारी रुग्णालयात व्हॅस्क्युलर सर्जरीच्या ओपीडीत ने. तिथे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब डॉपलरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह ध्वनिलहरींनी टिपणाऱ्या यंत्राने, मोजला. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारं गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं की धमनी अरुंद झाली समजतात. काकांचं ०.४ च्याही खाली होतं. त्यांच्याच पायातली शीर काढून बायपास केला. बोटं गेली, पाय राहिला, आणि बिडीही गेली. सर्जन शीरच का घेतात तर तिला आतून जिवंत अस्तर असतं. ज्या अस्तरासाठी जग एवढं धडपडतंय ते काकांच्या स्वतःच्या पायात होतं.

नियम काय आहेत तेही आपल्या वाचकांना कळू दे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मॅरो प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा रुग्णावर वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. त्याबाहेर केला तर तो वैद्यकीय गैरवर्तन धरला जातो. २००९ च्या जूनपासून प्रत्येक औषधचाचणीची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची आहे, आणि चाचणीत इजा झाली तर उपचार व भरपाई देण्याची जबाबदारी २०१९ च्या नियमांनी चाचणी घेणाऱ्यांवर टाकली आहे. चाचणी आहे म्हणता तर रुग्णाकडून लाखो रुपये कसे मागता? उपचार आहे म्हणता तर मान्यता दाखवा. केंद्रवाले इथे बंगळुरूच्या स्टेमप्युसेल या औषधाचं नाव पुढे करतात. त्याला २०१६ मध्ये बर्गरच्या आजारात, म्हणजे हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या आजारात, धोक्यात आलेल्या पायासाठी औषध नियंत्रकांची मर्यादित परवानगी मिळाली हे खरं आहे. पण ते निरोगी दात्यांच्या मॅरोतल्या मेसेन्कायमल पेशी वाढवून, मोजून, तपासून, गोठवून तयार केलेलं औषध आहे. तासाभरात मशीनमध्ये फिरवलेल्या कड्याला ती परवानगी लागू होत नाही. आणि बर्गरचा आजार म्हणजे तरुण तंबाखूवाल्यांचा आजार. बिडी, सिगारेट, मिश्री, तंबाखू पूर्ण सुटली नाही तर कुठलीही पेशी त्याला पुरी पडणार नाही.

आपल्याकडे दोन गोष्टी मागते. अशा उपचाराची बातमी छापताना नोंदणी क्रमांक विचारा आणि बातमीत छापा. क्रमांक मिळाला नाही तर "क्रमांक देण्यात आला नाही" असं लिहा. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. दुसरी मागणी महापालिकेकडे आहे आणि आपण ती लावून धरावी. हातात मावणारं डॉपलर यंत्र आणि रक्तदाबाचा पट्टा, एवढ्यावर घोट्या-दंडाची तपासणी होते आणि नर्सताईंना ती शिकवता येते. प्रत्येक 'आपला दवाखाना'त आठवड्यातून एक दिवस मधुमेहींचे आणि बिडी ओढणाऱ्यांचे पाय तपासले गेले तर काळा अंगठा घेऊन ओपीडीत येणारी माणसं आधीच्याच टप्प्यावर सापडतील. लालबाग, परळ, शिवडीच्या दवाखान्यांत ही तपासणी सुरू होणार असेल तर शिकवायला मी विनामूल्य यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
लालबाग, मुंबई